लिफ्टवाल्या आजोबांचा डावा पाय

४ मार्च

घराची किल्ली बाहेर भिंतीवर! दाराशेजारी इवलीशी लोखंडी पेटी, तिला आकड्यांचं कुलूप, आत पेशंटच्या घराची किल्ली. मला ज्यांच्या हाताखाली दिलंय त्या थोरल्या सिस्टरनी आकडे फिरवले, किल्ली काढली, दार उघडलं आणि सरळ आत. बेल नाही, "आहे का कोणी" नाही. मी उंबऱ्यातच थबकले. म्हटलं, पेशंट आत बेशुद्ध पडलाय नक्की. तर पेशंट खुर्चीत आरामात बसलेले, मांडीवर वर्तमानपत्र. म्हातारे गृहस्थ. पायाला जखम, दारापर्यंत उठून येववत नाही, म्हणून किल्ली बाहेर.

"घरात दुसरं कोणी नसतं?" मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं, घरात हत्ती नसतो?

तर अशी सुरुवात. दोन महिने परदेशात समाज-आरोग्याची पोस्टिंग. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या अख्ख्या वर्गातून आम्ही दोघीच निवडलेल्या — मी आणि चिमणी. मी का, तर प्रॅक्टिकलला पहिली. चिमणी का, तर तिची इथली भाषा चांगली. येते मलाही, पण वहीत मी माझ्याच भाषेत लिहिणार. दिवसभर परक्या भाषेत बोलून जबडा दुखतो!

५ मार्च

कालचं अजून डोक्यातून जात नाही. आपल्याकडे गृहभेटीला गेलं की पेशंट सोडून सगळे बोलतात. "कुठं दुखतंय आजी?" असं आजीला विचारावं, तर सून सांगणार गुडघा, मुलगा सांगणार कंबर, आणि शेजारीण दारातूनच सांगणार की दुखत काही नाही, सगळी नाटकं आहेत. आजीनं तोंड उघडेपर्यंत आपली पुढच्या घराची वेळ झालेली. इथे प्रश्न पेशंटला, उत्तर पेशंटचं, आणि मधे नुसती शांतता. मला वाटत होतं, बाकीचे सगळे कुठे लग्नाला-बिग्नाला गेलेत की काय!

चिमणी तिच्या केंद्रातून रडत आली. एका म्हाताऱ्या बाईंच्या पाठीवरून हात फिरवला म्हणून बोलणी खाल्ली. "आधी विचारायचं असतं म्हणे! पाठीला काय विचारायचं?" मी हसले, मग तीही हसली, मग परत रडली.

७ मार्च

पुन्हा त्याच घरी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. आज जखम नीट बघितली. डाव्या पायाला, घोट्याच्या वरच्या अंगाला, आतल्या बाजूने. तळहाताएवढी. घाण नाही, वास नाही, कडा स्वच्छ. पण भरत नाही! शिरांमधलं रक्त वर चढत नाही, पाय सुजतो, म्हणून जखम भरत नाही. औषधापेक्षा पट्टीचं काम मोठं. पट्टी घट्ट बसली की रक्त वर ढकललं जातं. हे पुस्तकात होतं, आज डोळ्यांनी बघितलं.

पट्टी मात्र भारी असते इथली! वरच्या लवचिक पट्टीवर बारीक आयत छापलेले. ताणून बांधली की आयतांचे चौरस होतात. चौरस दिसला म्हणजे ताण बरोबर. लहान पोरालाही चुकता येणार नाही. आमच्या मॅडमना दाखवायला पाहिजे. बोटाच्या अंदाजावर शिकवलं त्यांनी आम्हाला, आणि चुकलं की त्याच बोटांवर पट्टी मारली.

मी जखम धुतली, औषधाची जाळी ठेवली, कापसाचा थर गुंडाळला. आता लवचिक पट्टी, म्हणून हात पुढे केला, तर थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "वरचा थर माझा. विद्यार्थ्यांनी नाही बांधायचा. तू टब घासून ये." झालं! कॉलेजात पट्टीच्या स्पर्धेत दोनदा पहिली आलेली मी, बाथरूममध्ये पाय धुवायचा टब घासत बसले. बाहेर आले तोवर वर मोजा चढलेला, पँट खाली ओढलेली. हात शिवशिवतायत नुसते.

जिना उतरताना विचारलं, हे असं किती दिवस चालणार? "जखम भरेपर्यंत," त्या म्हणाल्या. "भरली की यादीतून नाव कमी. आपण माणसाकडे येत नाही, जखमेकडे येतो. वरून तसं ठरलंय." इतक्या सपाट आवाजात म्हणाल्या की बसचं वेळापत्रक सांगतायत असं वाटलं.

११ मार्च

म्हातारबुवांशी ओळख झाली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी. आणि राहतात तिसऱ्या मजल्यावर, जिथली लिफ्ट कधीपासून बंद! "दोरखंड नाही, मोटार नाही, खालच्या पॅनेलमधला खटका गेलाय," ते चिडून सांगत होते. "मला खाली न्या, जाता जाता करून देतो. पण मला खाली न्यायला लिफ्ट चालू पाहिजे." स्वतःच हसायला लागले. थोरल्या सिस्टर सहसा हसत नाहीत. त्याही हसल्या.

माझ्या तोंडून "आजोबा" निघून गेलं. त्यांनी विचारलं, हे काय? मी अर्थ सांगितला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मला वाटलं, चिमणीसारखी मीही बोलणी खाणार आता. तर म्हणाले, "परत म्हण." त्यांना एक मुलगा आहे, दुसऱ्या देशात. फोन करतो. नातवंड नाही.

आम्ही जायच्या आधीच टेबलावर तीन कप मांडून ठेवलेले असतात. त्यांचा, सिस्टरचा, आता माझा. थोरल्या सिस्टर गाडीत म्हणतात वेळ नाही वेळ नाही, आणि तिथे गेल्यावर अर्धा कप पितातच.

१४ मार्च

जखम मापली. एक केसभरही कमी नाही! कॉलेजसाठी एक केस मांडायची आहे इथल्या सगळ्यांसमोर, त्याचे मार्क परीक्षेत धरणार. मी आजोबांचा पाय निवडलाय. न भरणाऱ्या जखमेची केस मांडून मला काय फुलं वाहणार आहेत?

१६ मार्च

आईचा फोन. तिला सगळं रामायण सांगितलं.

"मुलगा परदेशात, बरं. आणि सून?"

"सूनही तिकडेच असणार ना, आई."

"मग शेजारी?"

"शेजारी असतात. दार लावून असतात."

मग म्हणाली, "अगं मग तू जात जा ना रविवारी. नुसती बसून ये. दोन शब्द बोललीस तर अंगाला भोकं पडतील का?"

भोकं नाही पडत, पण सर्टिफिकेट जाईल! पहिल्याच दिवशी सांगितलंय — ड्यूटीबाहेर पेशंटच्या घरी पाऊल टाकायचं नाही. पेशंट असेपर्यंत नाही, आणि यादीतून नाव गेल्यावर तर नाहीच. इथल्या नर्सची त्यापायी नोकरी जाते. आईला काही पटेना. "माणसाला भेटल्यावर नोकरी जाते? असली कसली नोकरी!" फोन ठेवताना म्हणाली, "त्या आजोबांना सांग, मी विचारलंय."

१८ मार्च

आज जे ऐकलं ते लिहवत नाही, पण लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

आजोबांच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिवळी इमारत आहे. सिग्नलला गाडी थांबली, तर थोरल्या सिस्टर त्या इमारतीकडे बघत होत्या. मी सहज विचारलं, तिथे पण पेशंट आहे का आपला?

"होती. शिवणकाम करायची. असाच पाय. मी बरा केला."

मी म्हटलं, वा!

"बरा झाला, नाव कमी झालं. हिवाळा संपताना खालच्या मजल्यावरच्यांनी पोलिसांना बोलावलं. वास येतो म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. किती दिवस? — विचारलं मी. त्यांनी गाडी पुढे काढली. सिग्नल सुटला होता.

एक बाई मेली आणि कोणाला पत्ता नाही! वरती माणसं, खालती माणसं, भिंतीला भिंत! आपल्याकडे एक दिवस कचऱ्याची बादली बाहेर दिसली नाही तर शेजारीण दार बडवते. मला शेजाऱ्यांचा केवढा राग यायचा, नाकं खुपसतात म्हणून. आज त्या सगळ्या नाकांना मनातल्या मनात हात जोडले.

आजोबांकडे गेलो तर ते नेहमीसारखे. "आज उशीर?" म्हणाले. मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही.

२१ मार्च

सापडलं! सापडलं!!

एरवी पट्टी सोडायचं काम थोरल्या सिस्टर करतात, झपझप, बघायलाही मिळत नाही. आज त्यांना केंद्रातून फोन आला, त्या जिन्यात गेल्या, मला म्हणाल्या थांब. मी कशाला थांबतेय? मोजा काढला. बघते तर पट्टीवर सगळे आयत! एकही चौरस नाही! घोट्यापाशी तर दोन बोटं सहज आत जात होती. असली पट्टी आणि नुसता मोजा सारखाच. जखम कशी भरणार, डोंबल!

थोरल्या सिस्टर आल्या, माझ्या हातात पट्टी बघितली, आणि सरळ पुढचं काम करायला लागल्या. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. मी नुसती पट्टी गुंडाळून ठेवली. आधी खात्री करायची.

पण उघड आहे सगळं. थोरल्या सिस्टरचा जन्म गेला पट्ट्या बांधण्यात. त्यांचा हात सैल पडणं शक्य नाही. मग उरलं कोण?

२२ मार्च

चिमणीला सांगितलं. ती तोंडात बोटं घालून बसली. मग तिनंच आठवण करून दिली — मॅडमनी एकदा वर्गात सांगितलं होतं की एकटी राहणारी माणसं कधी कधी जखम मुद्दाम भरू देत नाहीत. जखम भरली तर कोणी येणार नाही म्हणून. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. असं कुठे असतं का!

असतं. तीन कप मांडून बसतं.

"बिचारे गं," चिमणी म्हणाली. हो, बिचारे. पण उद्या त्या जखमेत पू झाला, विष चढलं तर? पाय कापायला लागेल. बिचारे म्हणून पाय जाऊ द्यायचा? मी नर्स आहे की कोण आहे?

२५ मार्च

थोरल्या सिस्टर गाडीतून कापूस आणायला खाली गेल्या होत्या. लिफ्ट बंद, म्हणजे वेळ लागणार. मी पट्टी सोडली. पुन्हा सैल. मोबाइलवर फोटो काढून ठेवला. सरळ विचारलं.

"आजोबा, पट्टी कोण सैल करतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग दाराकडे बघितलं. मग आपल्या पायाकडे. मला वाटलं, आता नाही म्हणणार, आरडाओरडा करणार. मी तयारीत होते.

"मी," ते म्हणाले. "मीच करतो. रात्री आवळते, मग सोडून परत गुंडाळतो."

"आवळते म्हणून? का आम्ही येत राहावं म्हणून?"

"तुला माहीत आहे तर विचारतेस कशाला, पोरी?"

माझे डोळे भरून आले. रागही आला. दुखतं ना हो, मी म्हटलं, एवढं दुखतं तरी? ते म्हणाले, दुखणं एकट्याचं असतं, त्याची सवय होते. आणि मग, अगदी हळू, "सिस्टरला ह्यातलं काही माहीत नाही. कुठे लिहिणार असशील तर तसं लिही. तिला काही माहीत नाही."

जिन्यात पावलं वाजली. मी जाळी उचलली आणि कामाला लागले. टबसुद्धा न सांगता घासायला गेले.

२६ मार्च

जीव टांगणीला लागलाय. सांगितलं तर भेटी बंद. नाही सांगितलं तर जखम. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, गप्प बस, येत राहा. पण मी आज-उद्या जाणार, मग? पुढच्या मुलीला कळणारच नाही. जखम चिघळेपर्यंत सगळे टब घासत बसणार.

आधी थोरल्या सिस्टरना सांगायचं ठरवलं. पाठीमागून चुगली नको. गाडी उभी करून त्या भेटींच्या नोंदी करत होत्या. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"तो म्हणाला? स्वतः? त्यानंच केलं म्हणून?"

"हो. आणि तुम्हाला काही माहीत नाही, असंही म्हणाले."

चेहरा असा पांढराफटक झाला की मला वाटलं, चक्कर येतेय त्यांना. इतकी वर्षं जातात त्या पेशंटकडे, आणि त्यानं त्यांना फसवलं! मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या समोरच्या काचेतून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुला योग्य वाटेल ते कर. मी तुला अडवणार नाही."

एवढंच. एकदाही म्हणाल्या नाहीत, नको सांगूस.

२८ मार्च

मांडली केस. सगळा हॉल भरलेला. केंद्राच्या मोठ्या बाई पहिल्या रांगेत. मी आयत-चौरसाचा फोटोच दाखवला. आजोबांचं नाव कुठे घेतलं नाही, "पेशंटने मान्य केले" एवढंच म्हटलं. शेवटी हेही मांडलं की जखमेपेक्षा एकटेपणा मोठा आजार आहे, त्यासाठी काही सोय हवी. टाळ्या पडल्या! मोठ्या बाई उठून आल्या, हात हातात घेतला. "इतक्या लोकांच्या नजरेतून सुटलं, ते तू पकडलंस." चिमणी मागे उड्या मारत होती.

मग निर्णय झाले, तिथल्या तिथे. थोरल्या सिस्टरनी आजोबांकडे जायचं नाही. त्यांचा भागच बदलला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. "एवढा काळ लक्षात कसं आलं नाही?" मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं त्यांना. त्या म्हणाल्या, "चूक झाली." खाली बसल्या. मी काही हे मागितलं नव्हतं. आणि एकटेपणाची सोय? ते समाजकल्याणवाल्यांना कळवू, मोठ्या बाई म्हणाल्या. तिथे रांग आहे.

हॉस्टेलवर येऊन आईला फोन केला. खूश झाली. मग म्हणाली, "आणि ते आजोबा?" मी म्हटलं, आता पाय बरा होईल त्यांचा. "हो का," म्हणाली ती. तिचं हे "हो का" मला चांगलं ठाऊक आहे.

१ एप्रिल

आता आजोबांकडे एका ब्रदरबरोबर जाते. तरुण आहे, वाईट नाही, पण कानात सदा गाणी. वाळल्यावर टणक होणारी पट्टी आणली त्यानं. ओली गुंडाळायची, सुकली की बोट शिरत नाही, सोडायची तर कात्रीच पाहिजे. आठवड्याला एकदाच बदलायची. म्हणजे शुक्रवार गेलाच.

टेबलावर तीन कप होते. ब्रदर म्हणाला, नको, थँक्यू. मीही उभ्या उभ्या घोट घेतला. आजोबांनी विचारलं, "ती बरी आहे ना? तिला काही त्रास नाही ना झाला?" मी सांगितलं, भाग बदललाय, नोकरी शाबूत आहे. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. कमाल आहे ह्या माणसाची! स्वतः फसवलं, स्वतः पकडले गेले, आणि काळजी तिची.

माझ्यावर रागावलेत का, विचारायचं धाडस झालं नाही.

८ एप्रिल

निम्मी! जखम निम्मी झाली! ब्रदरही कानातलं काढून बघायला लागला. मोठ्या बाई म्हणाल्या, आणखी काय पुरावा पाहिजे? हात लावता आला नाही तर भरली लगेच. खरंच आहे. आनंद व्हायला पाहिजे. झाला पण, खोटं कशाला सांगू. माझी केस!

आजोबांना आरशात दाखवली. "सुंदर," म्हणाले. लिफ्टचं काम पाहणाऱ्याच्या सुरात.

१५ एप्रिल

नखाएवढी राहिली. आज टेबलावर दोनच कप होते. मी बसून प्यायले. ब्रदर घड्याळ बघत होता.

१८ एप्रिल

थोरल्या सिस्टर केंद्रात दिसल्या, सामान न्यायला आल्या होत्या. वाळल्यात. मी धावत गेले, सांगितलं, जखम जवळजवळ भरली. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं. "मंगळवारी बंद होईल?" विचारलं. हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या, आणि खोका उचलून गेल्या. अजून रागावलेल्या दिसतायत.

२२ एप्रिल

भरली. गुलाबी, पातळ, नवी कातडी. बोट फिरवलं, विचारून. आजोबा म्हणाले, गुदगुल्या होतात.

ब्रदरनं फोटो काढला, सूचना सांगितल्या — मोजा घालत जा, पाय उंच ठेवत जा, चालत जा. "कुठे?" आजोबांनी विचारलं. ब्रदरला गंमत वाटली. मग तो स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराबाहेर गेला आणि ती किल्लीची पेटी भिंतीवरून काढायला लागला. मला कोणी सांगितलंच नव्हतं की हे असं करतात! एक स्क्रू गंजलेला, निघेना. तर आजोबा भिंतीला धरून धरून आले आणि म्हणाले, "उलटा फिरव आधी, मग सुलट." निघाला. भिंतीला चार भोकं राहिली. ब्रदरनं किल्ली आजोबांच्या हातात दिली.

"आता मलाच उठून उघडायला लागणार," ते म्हणाले. "कोणी आलं तर."

शेवटची भेट होती माझी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आधी "चालेल ना?" असं विचारून. म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, पोरी. कापसाचा थर फार छान गुंडाळतेस तू." मग दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. ब्रदर दोन जिने खाली गेला होता.

२३ एप्रिल

सर्टिफिकेट मिळालं. "उत्कृष्ट". मोठ्या बाईंनी पेढ्याऐवजी पेन दिलं. कॉलेजच्या मॅडमचा मेसेज — नाव काढलंस!

समाजकल्याणवाल्यांचं मोठ्या बाईंना विचारलं. रांगेत आहे म्हणाल्या. किती लांब रांग, ते त्यांनाही माहीत नाही.

२६ एप्रिल

विमानतळ. सामान गेलं. चिमणी दुकानं बघत फिरतेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

थोरल्या सिस्टर आल्या होत्या. ध्यानीमनी नसताना. मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "त्यानं पट्टीला कधी हात लावला नाही. वरचा थर मीच सैल बांधत होते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तुला टब घासायला पाठवून."

"त्यांना माहीत होतं?"

"आम्ही ह्यावर एक शब्दही बोललो नाही कधी. पण पाय त्याचा होता. त्याला कळत नसेल?"

"मग ते हो का म्हणाले? मीच केलं असं का म्हणाले?"

"तुला वगळलं तर पट्टीपाशी दोनच माणसं होती. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं."

शेवटी एवढंच विचारलं, आता त्यांच्याकडे कोण जातं?

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पाय बरा आहे ना."